मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घराचं इन्सुलेशन, ग्रँट धरून खर्च किती येतो?

केतकी_म
मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. उद्या संध्याकाळी तो माणूस परत येणार आहे आणि सही मागतोय.

घर जुनं, सेमी-डिटॅच्ड (एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी जोडलेली), तीन बेडरूमचं. हीटिंग बंद केलं की अर्ध्या तासात गारठा. मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, पुसली की पंधरा दिवसांत पुन्हा हजर. जानेवारीत सासू-सासरे नाशिकहून येताहेत, सासऱ्यांना दमा आहे आणि तीच खोली त्यांना द्यायची आहे. दारावर एकजण आला होता, म्हणाला सरकारी ग्रँटमधून बाहेरून भिंतींना इन्सुलेशन फुकट करून देतो, फक्त फॉर्मवर सही करा. फुकट असेल तर करून टाकावं ना? आणि ग्रँट नाही मिळाली तर खिशातून किती जातात? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी आकडे सांगा प्लीज.

मंदार_डी
घर कुठल्या साली बांधलेलं? भिंत कॅव्हिटीची (मध्ये पोकळी असलेली) की भरीव? लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, आधी काही घातलंय का? मालकीचं की भाड्याचं? ईपीसी (घराच्या ऊर्जावापराचा दाखला, दर्जा ए ते जी) कुठली? घरात एकूण उत्पन्न किती, बेनिफिट (सरकारी भत्ते) काही मिळतात का? इमिग्रेशन स्टेटस काय? एवढं कळल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर तो धरू नका.

केतकी_म
लेस्टरजवळ आहोत. मालकीचं, मॉर्गेज चालू. आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे. बेनिफिट काही नाही. भिंत विटांची आहे, इथे सगळ्यांचीच असते. बाकीचं मला कसं कळणार?

सूर्यफूल७
इन्सुलेशनच्या मागे लागूच नका. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) बसवा. सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये ७,५०० पौंड थेट मिळतात, उत्पन्नाची अट नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी बसवला, घर दिवसभर एकसारखं उबदार असतं. गॅसचं कनेक्शनच काढून टाकलं.

मंदार_डी
@सूर्यफूल७, त्यांचं घर अर्ध्या तासात गार पडतंय. भोकं असलेल्या बादलीत नळ मोठा करून उपयोग काय? आधी उष्णता बाहेर जाणं थांबवायचं, म्हणजे नंतर पंपही लहान लागतो आणि वीज कमी जाते.

सूर्यफूल७
मे २०२४ पासून लॉफ्ट आणि कॅव्हिटीचं काम आधी करण्याची अट सरकारने स्वतःच काढली आहे. ती खरोखर गरजेची असती तर काढली असती का?

मंदार_डी
अट अर्जासाठी काढली. भिंतीतून जाणारी उष्णता त्यामुळे थांबत नाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

वैशाली_ब
केतकी, भिंत ओळखणं सोपं आहे. बाहेर जाऊन विटांची रचना बघ. सगळ्या विटा लांबीने आडव्या दिसत असतील तर बहुतेक दोन भिंती आणि मध्ये पोकळी, म्हणजे कॅव्हिटी. एक लांब, एक आखूड अशी आलटून पालटून मांडणी दिसली तर भरीव. प्लास्टर किंवा रंग असेल तर दाराच्या चौकटीशी जाडी मोज, २६० मिलिमीटरच्या वर असेल तर बहुधा कॅव्हिटीच. १९२० च्या आधीची घरं बहुतांशी भरीव विटांची असतात. आणि ईपीसी सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की फुकट दिसतं. घर घेतलं तेव्हा झालेलंच असणार, ते दहा वर्षं चालतं. त्यात भिंत, छत, खिडक्या सगळ्याची नोंद असते.

पुणेकर_गच्ची
आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवर पांढरा कूल-रूफ रंग मारून घेतला, खोलीत स्पष्ट फरक पडला. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, पण एसीचं बिल बघता परवडतं. आपल्याकडे अशा कामाला अनुदान द्यायलाच हवं.

वैशाली_ब
काका, ते उन्हासाठी. इथे प्रश्न थंडीचा आहे.

रानवारा
केतकीताई, उद्या सही करू नका. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल वाचा. ईको४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम या दोन सरकारी योजनांमध्ये बाहेरून केलेल्या भिंतींच्या इन्सुलेशनपैकी ९८ टक्के घरांत गंभीर दोष निघाले. दुरुस्ती केली नाही तर ओल आणि बुरशी होईल असे दोष. आतून केलेल्या कामांत हे प्रमाण २९ टक्के. त्यात २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ईको पुढे चालवणार नाही असं जाहीर झालं. माझ्या मते आत्ता दारोदार जी घाई चाललीय ती त्यामुळेच. शिवाय ईको४ बेनिफिट असणाऱ्यांसाठी किंवा कौन्सिलमार्फत (स्थानिक पालिका) कमी उत्पन्नवाल्यांसाठी आहे, तिथे साधारण मर्यादा ३१,००० पौंडांची. तुम्हाला बेनिफिट नाहीत, मग त्याने तुम्हाला पात्र ठरवलं कशावरून?

केतकी_म
त्याने उत्पन्न विचारलंच नाही!! दोघांचं मिळून ४२,००० आहे, मुलं दोन.

ईपीसी सापडलं. ई आहे. भिंतीसमोर लिहिलंय: कॅव्हिटी वॉल, अ‍ॅज बिल्ट, नो इन्सुलेशन, अझ्यूम्ड. छतासमोर: लॉफ्ट इन्सुलेशन १०० मिलिमीटर. म्हणजे ग्रँट गेलीच का?

रानवारा
अजून नाही. वॉर्म होम्स लोकल ग्रँट बघा. एप्रिल २०२५ पासून चालू आहे, कौन्सिल चालवते, ईपीसी डी ते जी आणि खाजगी मालकीची घरं. वार्षिक ३६,००० पौंडांची मर्यादा आहे खरी, पण जरा वर असलात तरी घराचा हप्ता वजा करून आणि माणसं मोजून हिशोब करता येतो. तुमचा पोस्टकोड त्यांच्या यादीत असेल तर उत्पन्न बघतच नाहीत. इन्सुलेशनसारख्या कामांना कमाल १५,००० पौंड. गव्ह डॉट यूके वर अर्ज आहे, आजच भरा. मात्र जानेवारीच्या आत काम होईल ही आशा धरू नका.

सुमेध_लीड्स
आणि पोकळी रिकामी असताना बाहेरून इन्सुलेशन कशाला? पोकळी भरणं कितीतरी स्वस्त. तो माणूस महागडं काम विकतोय.

हातकाम_प्रेमी
लॉफ्ट स्वतः करा. रोल आणायचे, जॉइस्टला (माळ्याच्या तळाच्या लाकडी तुळया) आडवे अंथरायचे, एकूण जाडी २७० मिलिमीटर. एका शनिवारचं काम. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. कडेला छप्पर टेकतं तिथे हवेची फट बुजवायची नाही, नाहीतर लाकूड ओलं राहतं. पाण्याची टाकी असेल तर तिच्या खाली काही घालू नका, बाजूने आणि वरून गुंडाळा. लॉफ्टच्या झाकणालाही पाठीमागून चिकटवा.

सुमेध_लीड्स
स्वतः आणलेल्या रोलवर २० टक्के व्हॅट भरावा लागतो, कंत्राटदाराने माल आणून बसवला तर शून्य. फरक धरून हिशोब करा.

हातकाम_प्रेमी
धरला तरी मजुरी वाचतेच.

शीतल_आर
स्प्रे फोम कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. आमच्या शेजाऱ्यांनी छपराला आतून मारून घेतला आणि घर विकताना खरेदीदाराच्या बँकेने मॉर्गेज नाकारलं. आता तो खरवडून काढताहेत.

केतकी_म
दोन महिन्यांपूर्वी एकाकडून कोट घेतला होता, तो शोधून काढला. कॅव्हिटी आणि लॉफ्ट मिळून ३,००० अधिक व्हॅट ६००, एकूण ३,६००. तेव्हा जास्त वाटला म्हणून सोडून दिला. बरोबर आहे का?

सुमेध_लीड्स
त्यातले ६०० द्यायचेच नाहीत! ग्रेट ब्रिटनमध्ये राहत्या घरात इन्सुलेशन बसवून घेतलं तर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. त्याला लेखी विचारा की २० टक्के कशाबद्दल लावलेत. ३,००० मध्ये दोन्ही कामं सेमीसाठी मला तरी ठीक वाटतात, तरी अजून एक कोट घ्या.

मंदार_डी
कोटपेक्षा महत्त्वाचं सांगतो. ईपीसीवर 'अझ्यूम्ड' आहे, म्हणजे कुणी भिंतीत डोकावून बघितलेलं नाही. बांधकामाच्या वर्षावरून लिहिलेला अंदाज आहे. आधी बोरस्कोपने तपासून घ्या. भिंतीला छोटं भोक पाडून कॅमेरा घालतात. पोकळीत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे असतील तर भरलेला माल तिथे अडतो आणि पावसाचं पाणी त्यावरून आत येतं. विटांच्या सांध्यांचा मसाला निघालेला असेल तर तो आधी दुरुस्त करायचा. कंत्राटदाराची ट्रस्टमार्कची (सरकारमान्य दर्जा-योजना) नोंदणी आहे का ते ट्रस्टमार्कच्या वेबसाइटवर बघा, आणि २५ वर्षांची सीआयजीएची (पोकळी भरण्याच्या कामाची हमी देणारी संस्था) हमी मिळणार का हे सही करण्याआधी विचारा.

वैशाली_ब
आणि बुरशीचं काय? सगळे भिंतीत अडकलात. ती जानेवारीच्या आधी जायला हवी. तो कोपरा घरातली सर्वांत थंड जागा आहे, हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते. इन्सुलेशनने भिंत गरम होईल, पण वाफ घरातच कोंडली तर ती दुसरा कोपरा शोधेल. कपडे आत वाळवतेस का? खिडक्यांच्या वरच्या बारीक झडपा उघड्या आहेत का? बाथरूमचा पंखा खरंच हवा ओढतो का, टिश्यू पेपर धरून बघ, चिकटून राहायला हवा. स्वयंपाक करताना कुकरची शिट्टी झाली की एक्झॉस्ट लाव. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढ. आणि बुरशी कोरडी खरवडू नकोस, कण हवेत उडतात, दम्याच्या माणसाला तेच नको.

केतकी_म
कपडे त्याच खोलीत रेडिएटरवर वाळतात. पंख्यावर टिश्यू टिकला नाही, पडला.

वैशाली_ब
मग आधी पंखा बदल. आणि सासऱ्यांना पुढची खोली दे, मुलांना काही दिवस तुमच्याकडे झोपव.

केतकी_म
चालेल. ग्रँटचा अर्ज आत्ताच भरला, पोस्टकोड यादीत नाही म्हणून हप्त्याचा हिशोब जोडलाय. उद्याच्या माणसाला नाही म्हणून मेसेज केला, तर त्याने लगेच 'ऑफर शुक्रवारपर्यंतच' असं उत्तर पाठवलं. एक शंका: कौन्सिलचं उत्तर यायच्या आत स्वतःच्या पैशाने लॉफ्ट करून टाकलं तर चालेल का?

रानवारा
थांबा. झालेल्या कामाचे पैसे मागून मिळतील असं धरू नका, आणि ईपीसीचा दर्जा सुधारून सी वर गेला तर पात्रताच जाईल. कौन्सिलला आधी ईमेल करून विचारा, उत्तर लेखी घ्या. तोवर पंखा आणि दारा-खिडक्यांच्या फटी एवढंच करा.

भाडेकरू_११
आमचं घर भाड्याचं आहे, भिंतीची हीच अवस्था. घरमालक ऐकत नाही. आम्हाला काही मिळेल का?

मंदार_डी
वॉर्म होम्समध्ये भाड्याची घरंही येतात, पण मालकाची संमती लागते. त्याला एवढं सांगा की त्याच्या पहिल्या घराचा पूर्ण खर्च योजनेतून होतो, पुढच्या घरांना निम्मा वाटा त्याचा. ईपीसी काय आहे तुमचं? आणि इंग्लंडमध्येच आहात ना?