कारवी की टोपली कारवी? उद्यापर्यंत ओळख हवी आहे

सातारकर_गुरुजी:
शाळेच्या हस्तलिखितासाठीचे टिपण उद्या सकाळी द्यायचे आहे. सोबतच्या छायाचित्रातील जांभळट निळ्या फुलांचे झुडूप कारवी आहे की तिची टोपली नावाची उपजाती, एवढेच कृपया सांगावे.

मेढेकर:
छायाचित्रात केवळ फुले दिसतात आणि दोन्हींची फुले जवळपास त्याच रंगाची असतात. झुडूप कोठे पाहिले, उंची किती, पानाला देठ आहे का?

कोयनाकाठ:
आमच्या आजोळच्या घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा होता व त्यावर शेणमातीचे लिंपण असे. पुरुषभर सरळ काठी निघाली, तर ती कारवीच समजावी. एक काठी तोडून पाहा.

मेढेकर:
तोडण्याची काहीही गरज नाही, पान पाहिले तरी पुरे.

सातारकर_गुरुजी:
झुडूप कास पठारावरचे, हे उघडच आहे असे मला वाटले. उंची गुडघ्याच्या थोडी वर, आकार गोल.

मेढेकर:
मग बहुधा टोपली कारवी. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, तिचे झुडूप उपड्या टोपलीसारखे वाढते, म्हणून हे नाव. मात्र ती उपजाती नव्हे. कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस कॅलोसा, तर टोपली कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस सेसिलिस, ही त्याच प्रजातीतील (वंशातील) स्वतंत्र जाती आहे. ‘सेसिलिस’ म्हणजे बिनदेठाचे. तिची समोरासमोरची पाने थेट खोडावर बसतात, तर डोंगरउतारावर माणसाहून उंच वाढणाऱ्या कारवीच्या खरखरीत, दातेरी पानांना देठ असतो.

नावांचा_आग्रही:
कारवीला कार्व्हिया कॅलोसा म्हणावे. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी १९४४ मध्येच ती वेगळ्या प्रजातीत काढली आहे.

मेढेकर:
त्यांनी पाडलेल्या बहुतेक लहान प्रजाती पुढे पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्येच सामावल्या गेल्या. पूर्वी टोपली कारवीचाच प्रकार मानलेले एक झुडूप मात्र आता स्ट्रोबिलँथस रेटिक्युलाटा या वेगळ्या जातीत धरतात. गुरुजींचा गोंधळ कदाचित तेथूनच आला असावा.

मधाची_गोडी:
कोणी विचारलेले नाही, तरीही सांगतो, की कारवीचा बहर सात वर्षांनी येतो आणि त्या वर्षीचा मध गडद असतो.

कोयनाकाठ:
सात टोपलीची, कारवीची आठ. बहरानंतर झाड वाळते आणि सुकलेली बोंडे तडतडून फुटतात, हे लहानपणी ऐकले आहे.

सातारकर_गुरुजी:
‘उपजाती’ खोडून ‘जाती’ लिहिले. देठाकडे मात्र मी लक्षच दिले नव्हते, त्यामुळे आता पहाटे पुन्हा कासला जावे लागणार.