मदत हवी आहे: बाबांच्या डोक्याला चालना कशी द्यायची?

नमस्कार मंडळी, बाबांसाठी जरा सल्ला हवाय. वय ७६. घरचे हिशेब, बिलं, कागदपत्रं सगळं तेच बघायचे. आई गेल्यापासून खुर्ची आणि टीव्ही, बस्स. मी सुडोकूचं पुस्तक आणून दिलं. महिनाभरात पटाईत झाले, पण फक्त सुडोकूत! परवा जुन्या मित्राचं नाव आठवेना, तर चष्म्याची काडी चावत कितीतरी वेळ गप्प बसून राहिले.

डॉक्टरांनी बी-१२, थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक. ऐकू कमी येतं, हे मात्र निघालं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके दिलेत, त्यात कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं दोन्ही आहेत. म्हणून श्रवणयंत्र घेतलं. ते सध्या चष्म्याच्या डबीत झोपलंय. "पेपरचं पान उलटलं तरी कानात कडकड होते," म्हणतात.

तर श्रवणयंत्राची सवय तुमच्याकडे कुणी कशी लावून घेतली? रोज थोडा थोडा वेळ, की एकदम दिवसभर? आणि नुसत्या कोड्यांपेक्षा चार माणसांत नेणारं, नवं शिकायला लावणारं काय जमलं? नवी भाषा किंवा एखादं वाद्य माझ्या मनात आहे, पण "या वयात शिकवणी?" हे ठरलेलं उत्तर. पत्ते त्यांना आवडतात, पण भिडू कुठून आणू?

स्मरणशक्तीच्या गोळ्या-चूर्णं कृपया सुचवू नका. घरात प्रत्यक्ष चाललेलं सांगा.