दाभोळला एवढी देखणी मशीद, मग गाव इतकं लहान कसं?

मृण्मयी_नाशिक
दिवाळीच्या सुट्टीत गुहागरहून दापोलीला जाताना धोपाव्याला गाडी फेरीबोटीत घातली आणि खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. धक्का जवळ येत असतानाच किनाऱ्याला ती दगडी मशीद दिसली. मधे मोठा घुमट, चारी कोपऱ्यांना मिनार. बोटीतल्या बाकीच्या गाड्या उतरल्या आणि थेट दापोलीच्या रस्त्याला लागल्या. आम्ही मात्र थांबलो. मशीद बाहेरून पाहिली, गावातून चक्कर मारली. लहानसा बाजार, मासळी, नारळी-पोफळी, चढावर घरं. एवढं कोरीव काम करून घेण्याइतका पैसा इथे आला कुठून आणि गेला कुठे, हे काही कळेना. माझी मुलगी तर सारखी विचारत होती, "इथे राजा राहायचा का?"

दुसरं म्हणजे, माझ्या पिढीला दाभोळ म्हटलं की एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्पच आठवतो. तो प्रकल्प गावात कुठेच दिसला नाही. इथे कोणी दाभोळचं असेल तर सांगाल का?

सुकती_भरती
मृण्मयीताई, मी दाभोळची. माहेर बंदराजवळच. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता चिपळूणला असते. तुम्ही गाडी थांबवलीत याचा फार आनंद झाला, कारण आमचं गाव लोकांना फेरीबोटीची रांग लावण्याची जागा म्हणूनच माहीत झालंय.

मुलीला सांगा, राजा इथे राहत नव्हता, पण राजाचे घोडे इथे उतरायचे. बहमनी आणि पुढे विजापूरच्या आदिलशाही फौजेला अरबी घोडे लागत. दख्खनमध्ये तशी पैदास होत नव्हती, म्हणून ते जहाजांतून यायचे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास आपल्याकडे आला. तो उतरला चौलला, पण परतीच्या प्रवासाला जहाजात चढला दाभोळहून. दाभोळ फार मोठं बंदर आहे, इथे मिसर (इजिप्त), अरबस्तान, खुरासानचे घोडे येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. मक्का, एडन, होर्मुझपर्यंतची जहाजं आमच्या खाडीत नांगर टाकून उभी असायची. परतताना इथलं कापड आणि धान्य भरून न्यायची.

हे सगळं नेमकं इथेच का, ते समजायला नकाशात वाशिष्ठी नदी बघा, आमची खाडी म्हणजे तिचंच मुख. मुखापासून चिपळूणच्या गोवळकोट बंदरापर्यंत सुमारे ४० किलोमीटर खाडीतून होड्या जायच्या. तिथून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड, म्हणजे देशावर पोचलात. खेडची जगबुडीही याच खाडीला मिळते, तिकडेही माल जायचा. थोडक्यात, समुद्रातून आत शिरलं की सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पाण्यानेच जाता येई. बैलांच्या पाठीवर ओझं चढायचं ते तिथून पुढे. दाभोळचं भाग्य या पाण्याच्या रस्त्यात होतं.

आता पैसा गेला कुठे? बहुतेक जण सांगतात की पोर्तुगीजांनी गाव जाळलं आणि दाभोळ संपलं. जाळलं हे खरंच. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाचं आरमार दीवच्या लढाईकडे निघालं होतं, वाटेत त्याने दाभोळवर हल्ला केला. बायकामुलंही सोडली नाहीत. पण तिथेच दाभोळ संपलं हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलात. ती मशीद सतराव्या शतकाच्या मध्यावरची आहे, म्हणजे गाव जळल्यानंतर दीडशे वर्षांनी बांधलेली! संपलेल्या गावात कोण असली इमारत उभी करेल? विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला जायला इथवर आली, समुद्र धोक्याचा म्हणून जाता आलं नाही, तेव्हा यात्रेचा पैसा तिने या बांधकामात घातला, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोष्ट काहीही असो, १६६१ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतलं तेही बंदर नांदतं होतं म्हणूनच. चौथीच्या मुलांना महाराजांचा इतिहास शिकवताना मी दरवर्षी एवढं तरी सांगायचेच. आपल्या गावाचं नाव त्या काळात आहे म्हटल्यावर पोरं ताठ बसायची.

खरी उतरती कळा हळूहळू आली. १६८६ मध्ये विजापूर पडलं, म्हणजे ज्या राजधानीसाठी हा माल यायचा तीच गेली. पुढे मुंबई वाढली, मोठी जहाजं तिकडे गेली. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, भरती बघूनच आत यावं लागतं. तरीही बंदर माझ्या लहानपणापर्यंत जिवंत होतं. मुंबईची आगबोट यायची. भोंगा ऐकू आला की सगळं बंदर जागं व्हायचं. खलाशी पडाव (लहान होड्या) वल्हवत नेऊन बोटीच्या अंगाला लावायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, "टाका पाय!" तो एक क्षण चुकला की पुढच्या लाटेची वाट बघायची. बायका लुगड्याचा काष्टा आवळून उतरायच्या, लहान पोरं हातोहात खाली दिली जायची, ट्रंका आणि वळकट्या दोराने सोडायच्या. एकदा माझ्या आईने बोटीवरून मला खलाशाच्या हातात दिलं, त्या हातांना डांबराचा वास होता. चिपळूणकडचे चाकरमानी इथे उतरून लाँचने गोवळकोटला जायचे, असं वडील सांगत. लाँच भरती धरून सुटायची, घड्याळ बघून नव्हे. पावसाळा लागला की बोटी बंद, त्या थेट गणपतीनंतर.

मग मुंबई-गोवा रस्ता झाला, घाटात एसट्या सुरू झाल्या, आणि माणसं पाण्यावरून रस्त्यावर गेली. दाभोळ कोणी बुडवलं नाही, वाटच दुसरीकडून जायला लागली. २००३ मध्ये फेरीबोट सुरू झाली तेव्हा म्हणूनच मला मनापासून बरं वाटलं. नाहीतर पलीकडे दिसणाऱ्या धोपाव्याला गाडीने जायचं तर चिपळूणला वळसा होता.

वेलदूरकर
ताईंनी छान लिहिलंय. प्रकल्पाचं मी सांगतो, कारण मी पलीकडचा.

तो दाभोळमध्ये नाहीच. खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या माळावर आहे. कंपनीने नाव 'दाभोळ पॉवर कंपनी' ठेवलं आणि तेच जगभर झालं. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये प्रकल्प 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नव्या कंपनीकडे गेला. प्रकल्पाविरुद्धचे मोर्चे आमच्या बाजूला झाले, लाठ्याही आमच्याच लोकांनी खाल्ल्या. जमिनी आमच्या गेल्या आणि पेपरात नाव मात्र दाभोळचं.

पण या खाडीची आजची खरी काळजी वेगळी आहे. कोयना धरणाच्या पाण्यावर वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी येत राहतं. त्याच्या जोडीला वरच्या अंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी. खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. समुद्रात जाणारे खारवी आणि दालदी मच्छीमार निदान बोट घेऊन बाहेर जाऊ शकतात. खाडीपट्ट्यातल्या भोई लोकांचं पोट मात्र पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून मिळेल त्यावर. पाग वर ओढला आणि मासळीऐवजी वास आला की त्या दिवशी घरी काय न्यायचं? ही माणसं वर्षानुवर्षं निवेदनं देतायत, आंदोलनं करतायत. दाभोळचा इतिहास वाचणाऱ्यांनी हेही वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

मृण्मयी_नाशिक
दोघांचे मनापासून आभार. मुलीला घोड्यांचं सांगितलं, आता ते बोटीत उभे कसे राहायचे हा नवा प्रश्न आहे! पुढच्या वेळी एक दिवस दाभोळलाच राहायचं ठरवलंय. काय बघावं? आणि वेलदूरकर दादा, तुमच्या बाजूला काय?

सुकती_भरती
वेलदूरकर, तुमचं अगदी बरोबर आहे. माझ्या वर्गात भोईवाड्यातली मुलं होती. मासळी नसलेल्या महिन्यात ती डब्यात काय आणायची ते मी पाहिलंय.

ताई, सकाळी लवकर चंडिकेच्या देवळात जा. देऊळ भुयारासारखं खडकात आहे, आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडातच देवी दिसते. बाहेरून उन्हातून आत गेलात की आधी काहीच दिसणार नाही. घाई करू नका, भिंतीला हात लावून उभ्या राहा, डोळे सरावले की पुढे व्हा. मुलीचा हात धरा.

मशीद या वेळी नीट बघा. नमाजाची वेळ सोडून जा आणि तिथे कोणी असेल त्यांना विचारून आत जा, आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. दगड एकमेकांत कसे बसवलेत ते जवळून बघण्यासारखं आहे.

गाडी आहे तर पन्हाळेकाजीची लेणी चुकवू नका. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत, आधी बौद्ध, मग नाथपंथीयांची. बंदराच्या श्रीमंतीचा माग आत कुठवर जातो ते तिथे दिसतं.

आणि जून-जुलैत येऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदर सुनं असतं. थंडीत या. ओहोटीला बायका कालवं काढायला खडकांवर जातात, त्यांच्याकडून ताजी घ्या. कालवं आधी दोनतीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवायची, कच राहता कामा नये. मग कांदा, आमसूल, ओलं खोबरं आणि मिरची. पाणी घालू नका, त्यांचंच सुटतं.

वेलदूरकर
आमच्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड आणि पुढे टाळकेश्वरचा दीपस्तंभ. गडाच्या तटावरून खाडीचं तोंड समोर दिसतं. दाभोळला येणाऱ्या प्रत्येक जहाजाला या गडाच्या नजरेखालूनच जावं लागायचं, म्हणून त्याच्यासाठी सिद्दी, आंग्रे आणि पेशवे भांडले. धोपाव्याहून गाडीने लगेच पोचाल. दुपारच्या उन्हात नको, तटावर सावली नाही.