उलटीच्या भीतीपायी बहिणीचं जेवण तुटलंय, मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. ती लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते, मी नांदेडला असते, आईबाबा गावाकडं, औशाजवळ.

तिला उलटीची भयंकर भीती वाटते. किळस तर सगळ्यांनाच येते, हे त्याच्या फार पुढचं आहे. मेसची भाजी आधी नाकाला लावून बघणार, दह्याच्या पाकिटावरची तारीख दोन-दोनदा वाचणार, आणि शेवटी वरणभातावरच भागवणार. नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी वाचली, तेव्हापासून उपासालाही भगर बंद. एसटीत पुढची खिडकीच हवी, पर्समध्ये उलटी थांबवायच्या गोळ्या आणि कॅरीबॅगा हव्यातच. मागं रूममेटला उलटी झाली तर ही पांघरूण घेऊन रात्रभर जिन्यात बसली. तिला स्वतःला मात्र लहानपणापासून क्वचितच उलटी झालीय.

घरच्यांनी आधी पित्त धरलं, मग आजीनं दृष्ट काढली. वजन उतरायला लागलं तेव्हा एंडोस्कोपी केली, ती नॉर्मल. एका डॉक्टरांनी "बारीक व्हायचं खूळ आहे" म्हणून वाटेला लावलं, ते तिच्या फार जिव्हारी लागलं. लेकराला भूक लागते हो, खाल्लेलं वर येईल ह्याची धास्ती आहे. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी ओळखलं: इमेटोफोबिया, म्हणजे उलटीचीच टोकाची भीती. थेरपी घ्यायला सांगितली, सोबत सर्ट्रालिन ही चिंता-नैराश्यावरची गोळी कमी डोसमध्ये लिहून दिली. गोळीच्या माहितीत 'मळमळ होऊ शकते' हे वाचल्यापासून स्ट्रिप तशीच पडून आहे.

रोज रात्री जेवण झालं की फोन येतो, "ताई, मला उलटी होणार नाही ना?" मी म्हणते, "नाही गं, काही होत नाही." थोड्या वेळानं परत तोच फोन, तोच प्रश्न. मी काय बोलू? आणि अशी थेरपी लातूर-नांदेडकडं कुणी घेतली आहे का?

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगरहून)

ताई, मी ह्यातून गेलोय, म्हणून लिहितो.

आधी फोनचं. "काही होत नाही" ऐकलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या घासाला पुन्हा तेच ऐकावंसं वाटतं. गोळ्या, तारखा, खिडकी, सगळ्याचं तसंच. पण एकदम तोडू नका. दिवसा, ती शांत असताना सांगून ठेवा की मी आता हे उत्तर देणार नाही. मग रात्री म्हणा, "होईल की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय. मी फोनवर आहे." ती चिडेल, रडेल. मीही आईवर चिडायचो.

भीतीनंच पोट ढवळतं, आणि ते ढवळणं म्हणजे आता उलटी येणार असं वाटून भीती दुप्पट होते, हे तिला नीट समजावून सांगा. मला ते कळलं तेव्हा निम्मा जीव भांड्यात पडला.

थेरपीत मुद्दाम उलटी करायला लावत नाहीत, ही तिची पहिली शंका असेल. आधी नुसता 'उलटी' हा शब्द लिहायचा, मग चित्र, मग आवाज, मग व्हिडिओ. भीती सोसवेल तशी एकेक पायरी. मला खुर्चीत गरागरा फिरवून चक्कर आणायचे आणि ती ओसरेपर्यंत तसंच बसवायचे. मळमळली म्हणजे उलटी होतेच असं नाही, हे अंगाला कळावं म्हणून. सीबीटीमध्ये (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) एक्स्पोजर, म्हणजे असा भीतीचा पायरीपायरीनं सामना, करून घेता का, असं स्पष्ट विचारा. ऑनलाइनही होतं.

गोळीनं सुरुवातीला मळमळ होऊ शकते, हे खरंय. बहुतेकांची थोड्या दिवसांत जाते. गुण यायला काही आठवडे लागतात. ही भीती डॉक्टरांना उघड सांगा, ते डोस आणखी हळू वाढवू शकतात. वजन उतरतच असेल तर ते आधी दाखवा, परीक्षा होईपर्यंत थांबू नका.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीतही विचारा.

धागाकर्ती: खूप आभार. उद्या दुपारी तिच्याशी बोलते, आईलाही हेच उत्तर द्यायला सांगते. लातुरात एक्स्पोजर करून घेणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.