मदत हवी आहे: भाचीला 'गनस्लिंगर गर्ल' बघू द्यावी का?

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, खाली स्पॉइलर आहेत, आणि मी काही अॅनिमेवाला, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघणारा माणूस नाही. आमच्या वेळी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा तेवढाच माझा त्या प्रकाराशी संबंध, आणि तो मोगली जपानी होता हेसुद्धा मला चाळिशीत कळलं.

तर झालं असं, भाची सोळा वर्षांची आहे, अकरावीला. गणपतीत घरी आली होती तेव्हा तिने लॅपटॉपवर 'लायकोरिस रिकॉइल' लावलं. २०२२ ची मालिका, १३ भाग. मी आपला मोदक हातात घेऊन एक डोळा तिकडे ठेवून बसलो होतो आणि विसर्जनाच्या आत आम्ही दोघांनी ती संपवली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, टोकियोत एक कॅफे आहे, चिसातो आणि ताकिना या दोन पोरी तिथे गिऱ्हाइकांना कॉफी आणि गोडधोड देतात आणि उरलेल्या वेळात एका गुप्त संस्थेसाठी बंदुका चालवतात. चिसातो जीव कुणाचाच घेत नाही. तिच्या गोळ्या रबरी, त्या लांबून नेमावर बसत नाहीत म्हणून ती थेट समोरच्याच्या अंगावर चालून जाते आणि तो गोळी कधी, कुठे झाडणार हे त्याच्याकडे बघून ओळखते आणि नुसती मान बाजूला करते. बाकी लॉजिकची बोंब आहे पण हे एक मला जाम आवडलं, कारण त्यात तिचा स्वभाव पण आला ना.

मग भाची म्हणाली मामा, असंच अजून काहीतरी शोधून दे. मी शोधायला बसलो तर 'गनस्लिंगर गर्ल' हे नाव सारखं समोर यायला लागलं. २००३ ची, हीपण १३ भागांचीच, इटलीत घडणारी, आणि फोटोत एक छोटीशी मुलगी व्हायोलिनची केस घेऊन उभी. म्हटलं वा, रोम, फ्लॉरेन्स, व्हायोलिन, झक्कास. आधी आपण बघू, मग तिला देऊ. इथेच पचका झाला.

त्या केसमध्ये व्हायोलिन नाही, पी-९० नावाची सबमशीनगन आहे. हेन्रिएटा नावाच्या त्या मुलीचं सगळं घर मारलं गेलंय, तिला हॉस्पिटलमधून एक सरकारी खातं उचलतं, वरून नाव 'समाजकल्याण', आणि तिच्या अंगात कृत्रिम हातपाय, स्नायू घालून, औषधांनी डोक्यातलं आधीचं सगळं पुसून तिला मारेकरी बनवतं. अशा बऱ्याच मुली. प्रत्येकीबरोबर एक मोठा माणूस, तिला शिकवणारा, सांभाळणारा, आणि त्या जोडीला म्हणतात 'फ्रातेल्लो', म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. औषधं जितकी जास्त तितकं आयुष्य कमी, आणि तिथल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

मला सगळ्यात जास्त लागली ती रिको. जन्मापासून पलंगावर, आईबापांनीच सही करून दिलेली. आता हातपाय हलतात म्हणून रोज सकाळी ती खरंच खूश असते. हॉटेलात काम करणाऱ्या एका पोराशी तिची जरा ओळख होते, दोन शब्द बोलतात, आणि नंतर कामगिरीच्या वेळी तो चुकून नको तिथे येतो. साक्षीदार ठेवायचा नाही असा नियम. ती त्याला सॉरी म्हणते. बस, पुढे काही दाखवायची गरजच नाही. ना रडणं, ना ढॅणढॅण म्युझिक. मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तरी सगळी बघितलीच. आता अडचण अशी आहे की मी भाचीला म्हटलं ही तू बघू नकोस, ती म्हणाली का, आणि मला सांगता येईना. मारामारी म्हणावी तर लायकोरिसमध्ये पण आहेच. अचकटविचकट असं काहीच नाही. मग मला नक्की त्रास कशाचा झाला? की त्या मुलींचं त्या माणसांवर जे प्रेम आहे ते औषधाचं की खरं हे मालिका शेवटपर्यंत सांगतच नाही, त्याचा? ज्यांनी बघितलीय त्यांनी प्लीज मत द्या. सोळा वर्षाच्या मुलीला द्यावी का, नाही तर बदली काय देऊ, आणि दुसरा सीझन आहे म्हणतात तो बघण्यासारखा आहे का. आभारी आहे.

तिखटमीठ: मामा, हे भाचीसाठी विचारताय की स्वतःसाठी? 😄 गंमत सोडा, पण दुसऱ्या सीझनच्या नादी लागू नका. 'इल तियात्रिनो', २००८. स्टुडिओ बदलला, मॅडहाउसच्या जागी आर्टलँड, आवाज बदलले, चेहरे बदलले, आपल्याच मुली ओळखू येत नाहीत. कथा मूळ मांगाकाराच्या (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) देखरेखीखाली झालीय त्यामुळे मांगाप्रेमी लोक बाजू घेतात, घेऊ देत. त्यापेक्षा मांगाच वाचा, १५ खंड आहेत, तिथे गोष्ट पूर्ण होते.

रात्रपाळी: बंदूकवाल्या पोरी हा माझा प्रांत, २००१ पासून बघतोय. भाचीला 'नॉयर' द्या. पॅरिसमध्ये राहणारी मिरेई आणि जपानहून तिला बोलावणारी, स्वतःचं खरं नाव विसरलेली किरिका, दोघी पैसे घेऊन खून करतात आणि एका जुन्या खिशातल्या घड्याळाच्या धुनेमागे जातात. गंमत म्हणजे एवढी माणसं मरतात पण रक्त जवळपास दिसतच नाही. युकी काजिउराचं संगीत ऐकलं की तुम्ही कान धरून बसाल, गोळीबार सुरू झाला की लॅटिन कोरस. मात्र चाल संथ, २६ भाग, आणि तोच तो फ्लॅशबॅक इतक्यांदा येतो की पाठ होतो. 'ब्लॅक लगून' मात्र तुम्ही एकट्याने, कानाला हेडफोन लावून बघा. थायलंडमधलं रोआनापूर नावाचं काल्पनिक बंदर, दोन्ही हातात बेरेटा पिस्तुलं घेऊन फिरणारी रेव्ही, आणि तिच्या तोंडी शिव्या अशा की आमच्या नाक्यावरची पोरं पण लाजतील. त्यात रुमानियाच्या जुळ्या मुलांची गोष्ट आहे, ती गनस्लिंगरपेक्षा वाईट. तुम्ही रिकोला गॅलरीत गेलात, तिथे जिन्याखाली जाल.

पावसाळी_चहा: मला ही मालिका आवडत नाही आणि का ते सांगते. मोठे पुरुष, बारा-तेरा वर्षांच्या मुली, आणि त्या मुली त्यांच्यावर जीव टाकतात. मालिका हे चूक आहे म्हणते असं सगळे सांगतात, पण कॅमेरा किती प्रेमाने बघतो तेही बघा. त्यातल्या एल्सा नावाच्या मुलीने आपल्या माणसाला मारलं आणि स्वतःला संपवलं, कारण त्याने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हे 'शोकांतिका' म्हणून सुंदर करून दाखवायचं? दादा, तुम्हाला त्रास झाला तो बरोबरच झाला.

रात्रपाळी: ताई, पटतं पण पूर्ण नाही. अँजेलिकाचं काय? आईबापांनी विम्याच्या पैशासाठी गाडीखाली घातलेली पोर. तिला सांभाळणारा मार्को तिच्यासाठी पास्ताच्या राजपुत्राची गोष्ट रचतो, आणि औषधांनी ती नेमकी तीच गोष्ट विसरते. मार्कोला ते सहन होत नाही म्हणून तो तिच्यावर डाफरत राहतो. तिथे कॅमेरा प्रेमाने बघत नाही, लाज वाटायला लावतो. निदान मला तरी वाटली.

पावसाळी_चहा: ते मान्य. पास्तावाला भाग मान्य. बाकी नाही.

अर्धीभाकरी: माझी मुलगी सतराची आहे. 'नको बघू' म्हटलं की त्याच रात्री पांघरुणात बघतात, अनुभव आहे. शेजारी बसा आणि एका दिवशी एकच भाग. नाही तर हलकंफुलकं हवं असेल तर 'गन गेल ऑनलाइन', २०१८ चं, १२ भाग. सहा फुटी कॉलेजची मुलगी, स्वतःच्या उंचीची लाज वाटते म्हणून गेममध्ये बुटकी, गुलाबी कपड्यातली होऊन धुमाकूळ घालते. मरतात ते फक्त गेममध्ये, त्यामुळे झोप लागते. आणि हो, तिच्याकडे पण पी-९०च आहे, तिचं नाव पी-चान! एवढं वाचून मला पण बंदुकांची नावं पाठ झाली, नवरा घाबरून असतो.

तिखटमीठ: वहिनी 😂

धागाकर्ता मामा: सगळ्यांचे आभार, उशिरा उत्तर देतोय माफ करा. अर्धीभाकरी यांचा सल्ला ऐकला, पण त्याआधीच फजिती झाली. भाचीला फोन केला आणि जमेल तसं सांगितलं, की यात अनाथ मुलींना सरकार उचलून नेतं आणि मारायला शिकवतं वगैरे. तर ती म्हणते, "मामा, लायकोरिसमध्ये पण सगळ्या अनाथच आहेत की. त्यांना पण लहानपणापासून मारायलाच शिकवतात. फक्त तिथे कॅफे आहे." मी गप्प. १३ भाग मोदक खात बघितले आणि माझ्या हे डोक्यात पण आलं नव्हतं, चिसातो हसत होती ना सारखी. पावसाळी_चहा, सुंदर करून दाखवण्याचा तुमचा मुद्दा मग खरं तर लायकोरिसलाच जास्त लागू होतो का? विचार करतोय.

तर शनिवारी ती आली आणि एकत्र बसलो. तीन भाग झाले. रिकोच्या त्या सीनला तिने स्पेस दाबून थांबवलं, आत गेली, पाणी पिऊन आली आणि पुन्हा चालू केलं. मला वाटलं होतं रडेल, रडली नाही. म्हणाली सुरुवातीचं गाणं कुणाचं आहे, तर मी हुशारी मारून सांगितलं की जपानी नाहीच ते, स्कॉटलंडचा 'द डेल्गाडोज' नावाचा बँड आहे. तेवढाच माझा भाव वधारला.

पास्ताचा भाग आठवा आहे, तो दिवाळीच्या आत नको म्हणतोय, त्यांच्या घरी फराळाची गडबड असते. रात्रपाळी, एक सांगा, नॉयरच्या २६ मधले फ्लॅशबॅकवाले कुठले भाग गाळले तर चालतील? तिला सुट्टी जेमतेम आहे आणि ती माझ्यासारखी गाळून बघणाऱ्यातली नाही, त्यामुळे तिला न सांगता गाळावे लागतील.