मदत हवी आहे: क्रीम चीज मिळत नाही, चीजकेकमध्ये दुसरं काय चालेल?

मनवा_ल
लवकर सांगा कोणीतरी. शनिवारी चीजकेक करायचाय आणि इथे लांज्यात क्रीम चीज कुठेच नाही. एका दुकानदाराने चीज क्यूबचा डबा पुढे केला, दुसरा म्हणाला रत्नागिरीला बघा. जायला वेळ नाही. ऑनलाइन सोमवारी येईल म्हणतंय. कृतीत दोन पाकिटं क्रीम चीज, अर्धा कप सावर क्रीम आणि ग्रॅहम क्रॅकर्स आहेत. हे क्रॅकर्स काय प्रकरण आहे तेही सांगा. बाकी सगळं आहे. चक्का चालेल का? आणि प्लीज, "त्यापेक्षा श्रीखंड कर" असं कोणी सांगू नका.

खमंग
दोन पाकिटं म्हणजे किती ग्रॅम? कृती अमेरिकन असेल तर एक पाकीट ८ औंसाचं, म्हणजे साधारण २२६ ग्रॅम. भाजायचाय की फ्रिजमध्ये सेट करायचाय? अंडी आहेत? ओव्हन कुठला? हे कळल्याशिवाय चक्का चालेल का याचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण.

सुमनकाकू
चीज क्यूबच किसून गरम दुधात विरघळव गं. मी व्हाइट सॉस तसाच करते, छान होतो.

खमंग
काकू, ते खारट असतं. पास्त्याला ठीक आहे, केक कोण खाणार?

मनवा_ल
अमेरिकनच आहे. बेक्ड, फोटोत वरून सोनेरी दिसतोय. चक्क्याचं सांगा ना.

म्युनिकचा_मन्या
बिनधास्त वापरा. इथे जर्मनीत चीजकेक क्रीम चीजचा नसतोच, क्वार्कचा असतो. क्वार्क म्हणजे चवीला आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. त्यात व्हॅनिला पुडिंग पावडर घालतात, म्हणजे आपली कस्टर्ड पावडरच. ती विसरू नका. दह्याला नुसती उष्णता दिली की ते फाटतं आणि पाणी सुटतं, स्टार्च असला की धरून राहतं. साडेचारशे ग्रॅम चक्क्याला दोन टेबलस्पून. अंडी तीन.

खमंग
मन्या, तुझा क्वार्क केक हलका, स्पंजी होतो. तिला न्यूयॉर्कसारखा दाट हवाय. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो. ६ टक्केवाल्या फुल क्रीम दुधाचं किलोभर दही टांगलं आणि साडेचारशे ग्रॅम चक्का आला, तर त्यात जेमतेम तेरा टक्के. म्हणून चक्क्यात घरचं लोणी फेटा, चारशे ग्रॅमला साठ ग्रॅम तरी. आधी चक्का पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा, नाहीतर जिभेला कण लागतात. आणि दही अधमुरं घ्या, आंबट नको.

म्युनिकचा_मन्या
लोणी घालून फॅट वाढेल, पोत येणार नाही. मी करून खाल्लंय, तुम्ही टक्के मोजताय.

अवांतरवीर
अवांतर: फिलाडेल्फिया क्रीम चीजचा फिलाडेल्फियाशी काही संबंध नाही. १८८० मध्ये ते नाव दिलं, माल न्यूयॉर्क राज्यातला. पुण्यात शिवलेली कोल्हापुरी चप्पल!

मनवा_ल
अहो ते राहू द्या. तीन अंडी कशी चालतील, सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांचाच वाढदिवस आहे.

खमंग
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?? वरचं सगळं अंड्याच्या हिशोबाने लिहिलंय. आता ओव्हनचंही सांगून टाका.

मनवा_ल
मायक्रोवेव्ह आहे.

खमंग
कन्व्हेक्शनवाला?

मनवा_ल
नाही, भात गरम करायचा.

म्युनिकचा_मन्या
😀 मी निघालो.

चवदार_चिन्मय
मग भाजायचा नाद सोडा. चक्का, फेटलेलं क्रीम आणि जेलॅटिन. फ्रिजमध्ये रात्रभर. क्रीम मात्र साधं २५ टक्केवालं घेऊ नका, कितीही घुसळा फुलत नाही. केकचं सामान विकतात तिथलं फ्रोझन व्हिप क्रीम आणा. ते आधीच गोड असतं, साखर बेताने.

सुमनकाकू
जेलॅटिन? ज्या बाई अंडं खात नाहीत त्यांना? ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात रे बाबा. चायना ग्रास सांग.

चवदार_चिन्मय
चायना ग्रासने रबरासारखं होतं.

खमंग
जास्त घातलं तर होतं. दुसरं म्हणजे ते उकळूनच विरघळतं आणि खोलीच्या तापमानालाच धरतं. फ्रिजमधल्या गार चक्क्यात ओतलं की गोळ्या होणारच. चक्का तासभर बाहेर ठेवायचा.

बालीगंजची_सून
इतकी खटपट कशाला? मी लग्न होऊन कोलकात्यात आले तेव्हापासून भापा दोई करते. चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क सारख्या वजनाचे, एकजीव करायचे आणि वाफवायचे. अंडं नाही, ओव्हन नाही, जेलॅटिन नाही. लांज्यात आहात म्हणजे मोदकपात्र असणारच घरात. पसरट डबा घ्या, वर फॉइल घट्ट बांधा, झाकणाचं पाणी त्यात टपकलं तर वर खड्डे पडतात. मध्यम आचेवर अर्धा-पाऊण तास. कडा धरलेल्या हव्यात, मधला भाग डबा हलवल्यावर किंचित थरथरला पाहिजे. पूर्ण गार होऊ द्या, मग रात्रभर फ्रिज. फेटताना फेस मात्र आणू नका, जाळी पडते.

चवदार_चिन्मय
पण हा चीजकेक नाही.

बालीगंजची_सून
लिंबाची साल किसून घाला, सासूबाईंना फरक सांगता आला तर मला कळवा.

मनवा_ल
मोदकपात्र आहे!! हेच करते. सावर क्रीम वगळू ना? आणि ते क्रॅकर्स?

बालीगंजची_सून
सावर क्रीम वगळा, दह्याचा आंबटपणा पुरतो. ग्रॅहम क्रॅकर्स म्हणजे किंचित गोड गव्हाची बिस्किटं. डायजेस्टिव्ह सगळ्यात जवळचं, नसेल तर मारीत चमचाभर गूळ पावडर. पण वाफवताना खाली थर देऊ नका, गिच्च होईल. चुरा आणि वितळलेलं बटर वेगळ्या ताटलीत दाबून फ्रिजमध्ये ठेवा आणि केक त्यावर उलटा करा. डब्याला आधी तूप आणि तळाला बटर पेपर.

सुमनकाकू
गोड चालतं ना गं त्यांना? साखर वगैरे? कंडेन्स्ड मिल्क म्हणजे निम्मी साखरच.

मनवा_ल
चालतं काकू. दही आत्ताच टांगलं. किती वेळ?

खमंग
रात्रभर, आणि फ्रिजमध्येच टांगा. बाहेर ठेवलंत तर सकाळपर्यंत आंबेल. खाली पडलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा.

अवांतरवीर
त्या पाण्यात ढोकळ्याचं पीठही मस्त भिजतं. कृती देऊ का?