सोनामुखीचं चूर्ण रोज रात्री घ्यावं का?

तापीकाठ
वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. रानात दिवसभर घाम गाळला की मळाचे खडे होतात आणि रात्री सोनामुखीचा डबा निघतो. माझं मत स्पष्ट आहे, हे रोजचं औषध नव्हे. अंगात आधीच पाणी कमी, त्यात जुलाबाने आणखी पाणी आणि पोटॅशियम जातं. पायात गोळे येतात, चक्कर येते. त्यात घाई नडते. सोनामुखी मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू तिची द्रव्यं फोडतात, तेव्हा कुठे ती काम करते. याला ६ ते १२ तास लागतात. नऊला घेतलं, अकरापर्यंत काही झालं नाही म्हणून दुसरा चमचा घेतला, की पहाटे मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. त्यापेक्षा इसबगोल बरं.

पांझराकाठ
पाण्याचं खरं शे भो, पण इसबगोलालाही पाणीच लागतं. २ चमचे भुशी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, वर आणखी एक पेला. अंथरुणाला खिळलेला, घोटभरच पाणी पिणारा म्हातारा माणूस असेल तर तोच लगदा आत अडकतो. मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक चालू असलेल्या रुग्णाची आतडीच मंदावलेली असतात. त्याला भुशी उपयोगाची नाही, आतडी हलवणारी सोनामुखी लागते, आणि डॉक्टर ती रोजसुद्धा देतात. आतडं कायमचं आळशी होतं ही भीती योग्य मात्रेत घेणाऱ्याने बाळगू नये.

तापीकाठ
डॉक्टरांच्या देखरेखीत द्या, त्याला माझी ना नाही. पण घरी मात्रा मोजतं कोण? मोठ्या माणसाला पानांचं चूर्ण १ ते २ ग्रॅम पुरे, शिगोशीग चमचा त्याच्या पुढे जातो. बाजारातल्या 'पोट साफ' चूर्णांतही बहुतेक वेळा सोनामुखीच असते. डब्यामागची यादी न वाचता दोन्ही घेतली की मात्रा दुप्पट.

गिरणाकाठ
एरंडेल कुणी काढलंच नाही. सुटीत पोरांना नाक दाबून पाजायची रीत आता सोडाच. ते लहान आतड्यावर २ ते ६ तासांत काम करतं आणि लेकरू पार गळून जातं. गरोदर बाईला तर नकोच, कळा सुरू होऊ शकतात. आणि एरंडीची बी चावून खा असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. त्यात रिसिन नावाचं विष असतं, जिवावर बेततं.

पांझराकाठ
एरंडेलाचं पटलं. चूर्णाच्या मात्रेचंही पटलं, म्हणून मी सोनामुखीची गोळी सुचवतो. पाकिटावर सेनोसाईड, म्हणजे सोनामुखीतलं जुलाब करणारं द्रव्य, किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. सगळ्यात कमी मात्रेने सुरुवात करायची, झोपताना, आणि स्वतःच्या मनाने आठवड्याच्या वर नाही. लघवी तांबूस झाली तर घाबरू नये, ते औषधामुळेच. मात्र लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतात किंवा उजवीकडे खाली दुखतंय, तर कुठलाच जुलाब न देता थेट दवाखाना.